साखरेची यष्टी

चौक,
६ मार्च २०२५

जने,

तुला ताईचा जय भीम. आमी सगळी बरी हाव. फोनच केला असता, पण तुला ऐकू कमी येतं, काय सांगायचं म्हणजे मला अंगणात जाऊन ओरडावं लागतं, अन् मग आमच्या घरातलं सगळं नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत पोचतं. त्यापेक्षा कागद बरा. मी दुसरी शिकलेली, तू चौथी, म्हणून माझ्या चुका काढत बसू नकोस.

पत्र जगदीशच्याच हाती देतेय. पाकिटाला भाताची शितं लावलीत. सगळं त्याच्याबद्दलच लिहिलंय अन् त्यालाच टपालवाला केलंय, पण तो उघडायचा नाय. एकदा गाडीत कुणाची सोन्याची माळ सापडली तर दोन दिवस धुंडून बाईला नेऊन दिली. माझा लेक म्हणून नाय सांगत. म्हणजे, म्हणूनच सांगतेय.

तर ऐक. तीस एप्रिलला जगदीश रिटायर होतोय. एकतीस वर्षं यष्टी चालवली, त्यातली निम्मी तरी कर्जत-पनवेल. डेपोत दुपारी शाल-श्रीफळ, अन् संध्याकाळी आपल्या दारात मांडव. आणि मेघानं ठरवलंय, बापासाठी केक करणार. साधा नाय गं. अख्खी यष्टी! लाल. चाकं, दिवे, पाटी, आत पाशिंजर. गोल केकवर नाव लिहिलं की झालं असं मला वाटायचं. ती म्हणाली, "आजी, केक कोरून कोरून बसचा आकार द्यायचा, अन् वरनं साखरेचं पीठ पोळीसारखं लाटून गुंडाळायचं." मी म्हटलं, पोळी लाटायची असंल तर मला बोलव, बाकी तुझं तू बघ.

पण घरातलं तुला ठाऊकच हाय. ऑगस्टात पोरीनं खोपोलीच्या कंपनीतली नोकरी सोडली अन् घरी केक करायला बसली, तेव्हापास्नं बाप तिच्याशी एक शब्द बोललेला नाय. नोकरीसाठी त्यानं कुणाकुणाच्या पाया पडून शब्द टाकला होता, ते त्याला लागलं. आता पोर समोर बसलेली असली तरी सुनेला म्हणतो, "तिला सांग, पंखा बंद कर." ती पण म्हणते, "मम्मी, पप्पांना सांग, केला." मधे बसून मला हसू येतं अन् रडू पण येतं. केकचा तुकडा पुढं केला की हा उठून जातो. "मला गोड चालत नाय." लाडूचा डबा फस्त करणारा माणूस!

पोरीचं मन मला कळतं. त्या दिवशी बाप तिच्या हातची सुरी घेऊन केक कापील, एक शब्द बोलंल, एवढ्यासाठी हे सगळं चाललंय.

सोबत डब्यात पायनॅपलचा केक पाठवलाय. कसा झाला ते कळव.

तुझी ताई,
गंगा


दहिवली, कर्जत
११ मार्च २०२५

ताईला जनाचा जय भीम.

पत्र वाचलं. चुका काढत नाय, पण "गॅरेज" दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलंयस अन् त्यातलं एक खोडलंयस, तेवढं सांगते.

जगदीश दुपारी ड्युटी संपल्यावर आला. पाणी प्याला, पत्र दिलं, डबा दिला. मी विचारलं, "मेघा कशी हाय रं?" तर म्हणाला, "असंल बरी." एका घरात राहून "असंल"! मी म्हटलं, "अरे, पोरगी हाय का भाडेकरू?" तर चपला घातल्या अन् निघाला. जाताना म्हणाला, "मावशी, रिटायरचं काय कौतिक करू नका. सगळेच होतात."

केक चांगला होता. पण ताई, रागावू नकोस, एवढा मोठा डबा अन् आत दोन बोटं केक? आमी घरात पाच माणसं. मी तुकड्याचे पाच तुकडे केले, तर सून म्हणाली, "आई, प्रसाद हाय का?" लहानपणी पेरू मिळाला की तू मोठा वाटा मला द्यायचीस. म्हातारपणी हात आखडला होय?

यष्टीचा केक कर म्हणावं. पण लाल रंग खाऊन कुणाची जीभ लाल झाली तर मला दोष देऊ नका.

जना


चौक,
१९ मार्च २०२५

जने,

दोन बोटं? मी माझ्या हातानं डबा काठोकाठ भरला होता! झाकण लागत नव्हतं, तर सुनेनं गुडघा देऊन लावलं. मला तर त्या पांडू कंडक्टरचा संशय येतोय. पंचवीस वर्षं जगदीशच्या गाडीला शिट्टी मारतोय, पण खादाड तो आधीपासनंच. मागं आपल्याकडं आला होता तेव्हा सुकटीची चटणी भाकरीबिगर खाल्ली. या खेपेला डबा जुन्या ओढणीत बांधून गाठ मारलीय. चॉकलेटचा हाय, बघ.

इथं आता नुसता कारखाना झालाय. मेघानं आधी एक छोटी बस करून बघितली, हातभर. ती मधेच बसली. म्हणजे खड्ड्यात चाक गेल्यासारखी पुढनं वर अन् पोटात खाली. पोरगी रडकुंडीला आली. मग तिनं मोबाईलमधे बघितलं, आत आडवे-उभे स्ट्रॉ घालायचे, घराला खांब घालतात तसे. दुसरी बस उभी राहिली. पण लाल रंग काही केल्या लाल होईना. गुलाबी, लग्नातल्या सरबतासारखा. रंग वाढवला तर पीठ कडू लागायला लागलं. मी चाखून चाखून माझी जीभ तीन दिवस लाल, पान खाल्ल्यासारखी. तुझं ते बोलणं माझ्यावरच आलं बघ. शेवटी पीठ झाकून तसंच ठेवलं अन् सकाळी उठून बघतो तर आपोआप गडद झालेलं, अगदी यष्टीचा लाल! मेघा नाचायला लागली. जगदीश दाढी करत होता. आरशातनं बघत होता गं, मी पाहिलं. पण वळला नाय.

पाशिंजर मी करतेय. साखरेच्या पिठाची माणसं, अंगठ्याएवढी. एक म्हातारी केली हिरव्या लुगड्यातली, ती मीच. शेजारी तुला बसवलंय, कानाला हात लावलेली. एक बाई कोंबडी घेऊन. मेघा म्हणाली, "आजी, कोंबडीचं हाफ तिकीट घ्यायचं का?" लय दिवसांनी हसलो दोघी.

परवा जगदीशची सुट्टी नव्हती, तेव्हा ती गुपचूप डेपोत जाऊन आली. बाप उपहारगृहात चहा पीत होता तेवढ्यात पांडूनं तिला गाडी दाखवली. पोरीनं टेपनं मापं घेतली, चाकापास्नं चाक किती, दिवा कुठं, पाटी कुठं. पांडू म्हणाला म्हणे, "पोरी, आरटीओपण एवढं बघत नाय."

गंगा


दहिवली,
२७ मार्च २०२५

ताई,

आधी पांडूची माफी माग. त्याला साखर हाय. दोन वर्षं झाली, चहासुद्धा बिनसाखरेचा पितो, डेपोतले सगळे त्याला चिडवतात. माझ्या जावयानं सांगितलं.

ओढणीची गाठ होती, पण तुझी नव्हती. तू गाठ मारतेस ती आईसारखी, दोन फेरे घालून. ही एका फेऱ्याची. डब्यात पुन्हा निम्माच केक, अन् तुटलेली कड सरळ, पण सुरीनं नाय, हातानं तोडून मग बोटानं सारखी केलेली.

मी जगदीशकडं बघत बसले. तो तिकडं भिंतीवरचं कॅलेंडर वाचतोय, जसं काय त्यात परीक्षा हाय. मी म्हटलं, "जगू, मिशीला काय लागलंय?" झटक्यानं हात गेला मिशीवर. मिशीला काही नव्हतं. पण खाकी शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी चॉकलेटचा डाग होता, ताजा.

मी काय बोलले नाय. तू पण बोलू नकोस.

जना


चौक,
१६ एप्रिल २०२५

जने, माझ्या बाई,

तुझं पत्र मी चुलीशी... म्हणजे गॅसपाशी, जुनी सवय... तीन वेळा वाचलं. तो खातोय गं! पोरीच्या हातचं खातोय! यष्टी कुठंतरी थांबवून, दुनियेपास्नं लपून, माझा अठ्ठावन्न वर्षांचा लेक मावशीच्या डब्यातला केक चोरतोय! सोन्याची माळ परत देतो अन् केक खातो. मी हसत हसत रडले, सून म्हणाली, "आत्या, डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, कांदा. कांदा कुठं होता!

कुणाला सांगितलं नाय. मेघाला पण नाय. तिला सांगितलं असतं तर ती बापापुढं जाऊन उभी राहिली असती, अन् हा भिंतीत शिरला असता. मी फक्त डबा बदलला. आता मोठा देतेय, पाच जणांना पुरून चोरालाही पुरंल असा. गेल्या खेपेला तुला पोचला का बरोबर?

जयंतीला वस्तीतल्या पोरांनी मेघाकडूनच केक नेला, दोन मजली. सगळ्यांनी वाहवा केली. जगदीश गर्दीत मागं उभा होता. कुणीतरी म्हणालं, "जगूभाऊ, पोरीनं नाव काढलं." हा म्हणाला, "हं." पण त्या "हं"मधे गेल्या ऑगस्टचा राग नव्हता जने. आई हाय मी, मला "हं" कळतो.

आता धास्ती उन्हाची. चौदा दिवस राहिले अन् इथं दुपारी पत्रा तापतो. केक फ्रिजमधनं काढला की वरच्या साखरेला घाम सुटतो. मेघा म्हणते पंख्याखाली ठेवायचा, पण लाईट गेली तर? तिला झोप नाय. मला विचारते, "आजी, पप्पांनी कापलाच नाय तर?" मी म्हणते, कापंल. आतनं मला पण खात्री नाय. खाणं वेगळं अन् चार माणसांत बोलणं वेगळं.

तू आदल्या दिवशीच ये. तुझ्या शेजारी मला बसायचंय, साखरेच्या तुझ्या नव्हे.

ताई


दहिवली,
२४ एप्रिल २०२५

ताई,

मी येत नाय. काल मोरीत पाय घसरला, घोट्याला प्लास्टर घातलंय, तीन आठवडे. रडू नकोस, मोडका पाय हाय, माणूस शाबूत हाय.

डबा भरलेला पोचला, चोराचा वाटा काढून.

एक सांगायचंय. पाय बघायला जगदीश आला तो तासभर बसला. मी म्हटलं, "जगू, त्या दिवशी पोरीशी बोल रं." तर खाली बघून म्हणाला, "मावशी, राग तर कवाच गेला. पण आठ महिने झाले. आता बोलायचं तर पयला शब्द काय बोलू? रोज डेपोतनं निघताना ठरवतो. चौक येतं अन् विसरतो. मांडवात चार माणसांपुढं मला नाय जमायचं. मी त्या केकला हात लावणार नाय, तुमी वाईट वाटून घेऊ नका."

मी चहा पाजून लावला वाटेला, पण काहीतरी करायला पायजे. तुला सुचलं तर बघ. अन् जे होईल ते सगळं लिही, एक शब्द गाळू नकोस.

जना


चौक,
२ मे २०२५

जने,

बस नीट. पाय उशीवर ठेव. सगळं सांगते.

तुझं पत्र वाचून मी चार दिवस अन्न गिळलं नाय. पोरीला सांगू का नको? नाय सांगितलं. ती रात्रंदिवस राबत होती, तिचं अवसान कशाला घालवू?

तीस तारखेला दुपारपर्यंत बस उभी राहिली. जने, काय सांगू! पाटावर मावणार नाय एवढी. लालभडक, पांढरा पट्टा, पाटीवर "कर्जत – पनवेल". चाकं चॉकलेटची. खिडकीत आपण दोघी. वायपर ज्येष्ठमधाच्या काड्यांचे. लाईट गेली नाय, मी मीटरला हात जोडले होते. पंख्याखाली ठेवली अन् वरनं मेघाची पांढरी ओढणी टाकणार होते, पण चिकटली असती, म्हणून खोकं पालथं घातलं.

सहाला डेपोतली मंडळी आली. पांडू, मेकॅनिक धोंडी, सगळे. जगदीशच्या गळ्यात हार, हातात नारळ, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मेघानं खोकं उचललं. मांडवात टाळ्याच टाळ्या! पांडूनं शिट्टीच मारली. धोंडी म्हणाला, "आयला, ही तर डेपोत उभीय तीच!"

पांडूनं रिबीन बांधलेली सुरी जगदीशच्या हातात दिली. सगळे "कापा, कापा". जगदीश सुरी धरून उभा. उभाच. मग त्यानं सुरी खाली ठेवली.

"मी नाय कापणार."

सून दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, पाव्हणे बघतायत." मेघाचा चेहरा पांढराफटक. पोर मागं सरकली.

जगदीश म्हणाला, "एकतीस वर्षं गाडीला ओरखडा येऊ दिला नाय. आज रिटायर झालो म्हणून तिच्यात सुरी घालू?"

आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं गं हे! दोन महिने मापं घेतली, रंग चाखला, अन् ड्रायव्हरला त्याचीच गाडी कापायला लावायची हे कुणाला खटकलं नाय. सगळे हसले, पण मेघा हसली नाय. तिला वाटलं, बापाला निमित्त मिळालं. मलाही तेच वाटलं.

आणि मग तो वाकला. सकाळी गाडी काढायच्या आधी चक्कर मारतो ना, तसा टेबलाभोवती फिरायला लागला. चाकाला बोट लावलं. दिवे बघितले. मागची पाटी वाचली. पुढं आला अन् थांबला. मान वर केली, सुनेकडं नाय, माझ्याकडं नाय.

"मेघे, डाव्या बाजूचा आरसा कुठाय?"

जने! मेघे म्हणाला! आठ महिन्यांनी!

पोर म्हणाली, "पप्पा, लावला होता... म्हणजे केला होता... दुपारी बशीत वाळत ठेवला होता, मग सापडलाच नाय."

आता खरं सांगते. तो मी खाल्ला होता. बशीत एकटाच पडलेला, मला वाटलं कातरण हाय. सगळ्यांसमोर कबूल केलं. धोंडी म्हणाला, "आजीनं आरसा खाल्ला! बघा, पोटात रस्ता दिसंल." मी म्हटलं, गप रं मेल्या.

जगदीश म्हणाला, "बिनआरशाची गाडी मी बाहेर काढत नाय. दुसरा कर."

पाव्हणे थांबले. मेघानं पिठाचा गोळा आणला. बाप म्हणाला, "मोठा कर. एवढ्यात काय दिसंल? मागनं येणारा ट्रक दिसला पायजे." तिनं मोठा केला, वर चांदीचा रंग लावला. चिकटंना, निसटत होता. तर त्यानं आपल्या अंगठ्यानं धरून ठेवला. ती पाणी लावतेय, हा धरतोय, दोघांची डोकी एकमेकाला टेकलेली. "हलू नको." "तुमीच हलताय पप्पा." "मी कुठं हलतोय?" जने, मी नुसती बघत बसले. मला वाटलं तो आरसा कधी चिकटूच नये.

चिकटला. पांडू म्हणाला, "आता काय, नुसती बघायची? पोरं भुकेजलीत."

जगदीश म्हणाला, "गाडी कापत नाय. खोलतात. आधी पाशिंजर उतरव." मग पांडूनं "चला, शेवटचा स्टॉप!" करत एकेक माणूस खाली काढला. कोंबडी एका पोरानं तिथंच खाल्ली. मग जगदीशनं मेघाची क्रीम पसरायची पट्टी मागून घेतली अन् धोंडीला हाताशी घेऊन गाडी रीतसर खोलली. आधी चाकं, मग दारं, मग टप काढला. आतनं स्ट्रॉ निघाले, तर धोंडीला दाखवून म्हणाला, "बघ, चासीपण घातलीय पोरीनं!" पहिला तुकडा मेघाला भरवला, मग स्वतः खाल्ला. चावत चावत म्हणाला, "चांगलाय. पण तो पायनॅपलवाला जास्त हलका होता."

सून म्हणाली, "कुठला पायनॅपलवाला? तुमी कधी खाल्लात?"

जगदीश चावायचा थांबला. मेघा बापाकडं बघतेय, बाप नारळाकडं बघतोय. मी म्हटलं, "सुनबाई, पाणी दे सगळ्यांना." पण पोरीला कळलं. तिचं तोंड असं उजळलं गं, मी जन्मात विसरणार नाय.

काल सकाळी जगदीश सवयीनं चारलाच उठला. ड्युटी नाय, काय करील? अंगणात फिरला, नारळाच्या झाडाला पाणी घातलं, मग ओव्हनपाशी जाऊन बसला. मेघा शिळफाट्याच्या एका बारशासाठी केकचं बदक बनवत होती. विचारलं, "हे किती वाजता सुटायचं?" ती म्हणाली, "दहाला. रिक्षा सांगितलीय." "रिक्षा? बदकाची मान मोडंल." स्वतःच स्कूटर काढली. मेघा मागं खोकं मांडीवर घेऊन. एवढ्या हळू गेला की सायकलवाला पुढं निघून गेला.

अकराला पोरीचा फोन आला. मी घाबरत उचलला.

"आजी, पोचलो. मान शाबूत हाय. पण चौकापास्नं शिळफाट्यापर्यंत पप्पा एक मिनिट गप्प बसले नायत."

तुझ्या पायाला जप.

गंगाताई